हॉप्स, कारलं आणि माझी लेक

मंडळात कुणी विचारलं, ‘लेक अमेरिकेत काय करते?’ की गेली चार वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे : ‘फूड कंपनीत आहे.’ अगदी खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझी लेक ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात, एका छोट्या कारखान्यात बिअर बनवते. सगळं आयुष्य दारूबंदीच्या गुजरातेत गेलेल्या बाईनं हे चारचौघांत सांगायचं कसं?

मागच्या सप्टेंबरात तिच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी बडोद्याहून जाऊबाईंचा फोन आला. बोलता बोलता सवयीनं तेच वाक्य तोंडून गेलं. लेक शेजारीच भांडी पुसत होती. बोलली काहीच नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी तिनं दोन पातेल्यांत पाणी चढवलं. ‘आई, यात दारूचा थेंब नाही. नुसतं बघ,’ म्हणाली आणि माझ्या हातावर वाळलेली हिरवी बोंडं ठेवली. ही हॉप्स, म्हणजे एका वेलीची मादी फुलं. तळहातावर चोळली तर आतली पिवळी चिकट पूड बोटांना लागली आणि पपनस सोलल्यासारखा वास आला.

पहिल्या पातेल्यात तिनं हॉप्स सुरुवातीलाच टाकली आणि तासभर उकळली. दुसऱ्यातलं पाणी उकळल्यावर आच बंद केली, मग हॉप्स टाकून झाकण ठेवलं. दोन्ही गाळून चमच्यानं चाखायला दिलं. पहिलं काडेचिराइतासारखं कडू, पण वास जवळजवळ गेलेला. दुसरं मात्र छान सुवासिक आणि जेमतेम कडवट. फूल तेच, पाणी तेच!

‘अगं, ही तर कोथिंबिरीची गत,’ मी म्हटलं. ‘आमटीत आधीच टाकून तासभर उकळली तर वास राहील का?’

‘बरोब्बर! हे समजायला मला सहा महिने लागले होते,’ ती हसून म्हणाली.

हॉप्समध्ये अल्फा आम्लं असतात. ती पाण्यात सहज विरघळत नाहीत. बराच वेळ उकळलं की त्यांचं रूप बदलतं, ती विरघळतात आणि कडूपणा येतो. सुगंध असतो तेलांत, आणि ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप्स आधी टाकायची आणि वासासाठी शेवटी. काही वेळा तर बिअर आंबवून झाल्यावर टाकीत कोरडी हॉप्स घालतात. त्याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात.

दुपारी ती मला कारखान्यात घेऊन गेली. तिथे ‘इंडिया पेल एल’, म्हणजे आयपीए, या जातीच्या बिअरचे तीन प्रकार समोर आले. प्रत्येकाचा एकेक घोट घेतला, हेही इथे लिहूनच टाकते.

पहिला इंग्लिश पद्धतीचा. त्यात गोल्डिंग्ज आणि फगल ही जुनी इंग्लिश हॉप्स. वास फुलांचा, थोडा ओल्या मातीचा, आणि मागून भाजलेल्या जवाची बिस्किटासारखी चव. दुसरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा : पारदर्शक, गोडवा जवळजवळ नाही, पपनसाच्या सालीचा आणि राळेचा वास, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा कडूपणा. १९७२ साली ओरेगनमधूनच बाजारात आलेल्या ‘कॅस्केड’ हॉप्सनं या चवीचा पाया घातला. सकाळी आमच्या पातेल्यांत होती तीही कॅस्केडच.

तिसरा प्रकार व्हरमाँटकडून आलेला, ‘हेझी’. ओट्स आणि गव्हामुळे ताकासारखा गढूळ. वास थेट पिकलेल्या आंब्याचा, आणि कडूपणा कुठे आहे ते शोधावं लागलं. मी म्हटलं, ‘यात हॉप्स कमी घातली असतील.’ लेक म्हणाली, ‘आई, तिन्हींत जास्त हॉप्स यातच आहेत! फक्त बहुतेक सगळी उकळी बंद झाल्यावर टाकली.’

तेव्हा लक्षात आलं, ‘हॉपी’ म्हणजे ‘कडू’ नव्हे. बाटलीवर कधी कधी ‘आयबीयू’ असा आकडा असतो. एक आयबीयू म्हणजे साधारणपणे लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. पण हा आकडा सुगंधाबद्दल काही सांगत नाही, आणि जिभेला किती कडू लागेल तेही पूर्ण सांगत नाही. कारल्याच्या भाजीत गूळ घातला की कारलं तेच राहतं, पण कडू कमी लागतं. इथे गुळाचं काम माल्टचा गोडवा करतो. माल्ट म्हणजे नाचणीच्या सत्त्वासारखंच, जवाला मोड आणून वाळवलेलं धान्य.

नावातला ‘इंडिया’ मात्र आपलाच. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातून ही बिअर जहाजांनी इथल्या गोऱ्या साहेबांसाठी येई. आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागत. हॉप्समुळे बिअर टिकते, हे खरं. पण हॉजसननं ती खास या प्रवासासाठी शोधून काढली, ही दंतकथा. भरपूर हॉप्सची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती.

निघताना विमानतळावर लेक म्हणाली, ‘आई, तुला आवडावं असं नाही गं. फक्त मी काय करते ते तुला माहीत असावं, एवढंच.’

परवा कोजागिरीला मंडळात दूध आटवताना एका काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी केशर शेवटी टाकायचं म्हणून बाजूला ठेवत होते. म्हटलं, ‘बिअर बनवते. चांगली बनवते.’

क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग काकू हळूच म्हणाल्या, ‘कडू असते ना गं ती?’

‘हॉप्स केव्हा टाकली, त्यावर आहे,’ मी म्हटलं, आणि पातेल्याखालचा गॅस बंद केला.