वसतिगृहातली चुरस : बाजू कोण ठरवतं?

(देवगाव रंगारी, ता. कन्नड येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



वसतिगृह या विषयावर व्याख्यान म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल, की यात सांगण्यासारखं काय आहे? पोरं राहतात, जेवतात, अभ्यास करतात. झालं. पण बघा, देवगाव रंगारीसारख्या गावातून दरवर्षी मुलं-मुली शिकायला बाहेर पडतात. कुणी छत्रपती संभाजीनगरला जातं, कुणी पुण्याला. गादी, बादली आणि लाडवाचा डबा घेऊन ती एका खोलीत शिरतात, आणि तिथे दोन-तीन अनोळखी रूम पार्टनर आधीच बसलेले असतात. महिन्याभरात भाषा बदलते. ‘आमचं हॉस्टेल’, ‘आमची विंग’, ‘आमची मेस’ सुरू होतं. आणि ‘आमचं’ आलं की ‘त्यांचं’ येतंच.

ही आमचं-त्यांचं चुरस काही ठिकाणी माणसं जन्मभरासाठी जोडते आणि काही ठिकाणी डोकी फोडते. असं का होतं, हे आज आपण समजून घेऊ.

आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या केंब्रिजला ‘कॉलेज’ म्हणजे नुसत्या वर्गखोल्या नव्हेत. विद्यार्थी राहतो, जेवतो तेही कॉलेजच. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, पण घर कॉलेजचं. अशा कॉलेजांमध्ये १८२७ पासून होड्यांची एक शर्यत होते. तिथली केम नदी अरुंद आहे. दोन-चार होड्या शेजारी-शेजारी पळवायला जागाच नाही. मग त्यांनी काय केलं, तर सगळ्या होड्या एकामागे एक, ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या आणि मागच्या होडीने पुढचीला गाठून धक्का द्यायचा. धक्का बसला, की त्या दोन्ही होड्या बाजूला होतात आणि दुसऱ्या दिवशी जागा अदलाबदल करून उभ्या राहतात. असं चार दिवस चालतं. शेवटच्या दिवसाचा क्रम पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळतो. म्हणजे आज हरलेला संघ संपत नाही, तो पुढच्या वर्षी एक-दोन जागा मागून निघतो. हरल्यावर परत उभं राहायला जागा असणं, ही निकोप चुरशीची पहिली खूण.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या हार्वर्डचं. तिथे पहिलं वर्ष संपलं की विद्यार्थी मोठ्या ‘हाउस’मध्ये राहायला जातात. पूर्वी कोणतं हाउस हवं, याची पसंती देता यायची. परिणाम असा झाला की एक हाउस खेळाडूंचं, एक कलावंतांचं, अशी वाटणी होत गेली. माणसं आपल्यासारख्यांतच जाऊन बसली. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात विद्यापीठाने पसंती बंद केली. आता मित्रांचा छोटा गट एकत्र राहू शकतो, पण कोणत्या हाउसमध्ये जायचं ते चिठ्ठीच ठरवते. बाजू योगायोगाने ठरणं, ही दुसरी खूण.

मुंबईत पवईच्या आयआयटीतही हे दिसतं. ही संस्था १९५८ ची. तिथली हॉस्टेलं नंबराने ओळखली जातात. खेळांपासून कलेपर्यंत वर्षभर हॉस्टेलांची आपसात स्पर्धा चालते, तिला जनरल चॅम्पियनशिप म्हणतात. शिवाय काही हॉस्टेलं गट करून खुल्या रंगमंचावर मोठा प्रयोग उभा करतात. लेखन, नेपथ्य, नाच, सगळं मुलांचंच. गंमत अशी, की जे हॉस्टेल मैदानावर तुमच्या विरोधात असतं, तेच या प्रयोगात तुमच्या खांद्याला खांदा लावून फळ्या ठोकत असतं. कायमचा शत्रू तिथे परवडतच नाही. बाजू बदलत राहणं, ही तिसरी खूण.

आता आपल्या मातीत येऊ, कारण आपल्याकडे ही गोष्ट इतकी सरळ नाही. महाराष्ट्रात वसतिगृहाचा इतिहास म्हटला की कोल्हापूरचं नाव आधी येतं. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण शिक्षणात आधीच पुढे असलेल्यांनीच ते भरलं, बाकीचे तिथे टिकले नाहीत. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी एकेक निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. जातवार वसतिगृहं काढली म्हणून आज कुणी नाक मुरडेल. पण ज्याला शाळेचा उंबरठाच ओलांडता येत नव्हता, त्याच्यासाठी ते दार होतं. फक्त दार हा मुक्काम नव्हे, हे लक्षात ठेवायचं.

हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून परत आल्यावर आंघोळ करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथे मुलं स्वतः दळण-कांडण, स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. कोल्हापूरने दार उघडलं, साताऱ्याने आतल्या भिंती काढल्या.

आणि आता आपलं घरचं उदाहरण. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथे उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. परिसराला नाव मिळालं नागसेनवन. खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी कितीतरी मुलं तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली.

ही नावं उगाच दिलेली नाहीत. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे बौद्ध भिक्खू. दोघांची प्रश्नोत्तरं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. वाद सुरू होण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतो. तो म्हणतो, पंडितांसारखा वाद घालणार असशील तर बोलतो, राजासारखा घालणार असशील तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात एकमेकांचं म्हणणं खोडलं जातं, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, पण कुणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट धरून बसतात आणि कुणी विरोध केला तर त्याला शिक्षा देतात. राजा पंडितांची रीत मान्य करतो. आमच्या मते वसतिगृहाच्या चुरशीचा याहून चांगला नियम नाही. तो आपल्याच जिल्ह्यात दोन नावांच्या रूपाने उभा आहे.

हा नियम मोडला की काय होतं, तेही याच भूमीने पाहिलं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. विद्यार्थीही दोन बाजूंना उभे राहिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षं गेली. त्या संघर्षात बाजू चिठ्ठीने ठरली नव्हती, ती बहुतेकांची जन्माने ठरलेली होती. हरलेल्याला परत उभं राहायला जागाही नव्हती. त्याला चुरस म्हणत नाहीत.

थोडं आमचंही सांगतो. आम्ही ज्या वसतिगृहात राहिलो, तिथे जुनी बिल्डिंग आणि नवी बिल्डिंग यांची व्हॉलीबॉलवरून कायम खुन्नस. हरलेल्यांनी रविवारी जिंकलेल्यांना वाढायचं, असा ठराव. वाढताना मुद्दाम श्रीखंडाची वाटी अर्धीच भरायची, मग आरडाओरडा. भांडण मेसमध्ये सुरू व्हायचं आणि मेसमध्येच संपायचं. एका वर्षी मात्र खोल्या ‘आपापल्या माणसांनी एकत्र घ्या’ अशा वाटल्या गेल्या. मैदान तेच, चेंडू तोच, पण आता हरलं की अख्खा समाज हरल्यासारखं वाटायचं. दोन महिन्यांत मेसची टेबलं वेगळी झाली. पुढच्या वर्षी नव्या रेक्टरांनी गाजावाजा न करता चिठ्ठ्या टाकून खोल्या दिल्या. पहिले पंधरा दिवस सगळे कुरकुरले, आम्हीसुद्धा. दिवाळीपर्यंत टेबलं पुन्हा जोडली गेली होती.

गॅदरिंगमधले फिशपाँड तुम्हाला माहीत असतील. कुणी रोज लेट येतो, कुणी पार्टनरचं तेल संपवतो, अशा सवयीवरचा फिशपाँड ज्याच्यावर असतो तोही हसतो. रंग, आडनाव, गाव यांवरचा फिशपाँड वाचला की सभागृह हसतं, पण एक जण कायमचा गप्प होतो. सवय बदलता येते, जन्म बदलता येत नाही. फरक एवढाच आहे.

म्हणून पालकांना विनंती. मुलाला वसतिगृहात सोडताना ‘आपल्यातलं कुणी आहे का बघ, त्याच्याच खोलीत राहा’ हे वाक्य आपल्या ओठांवर येतं. काळजीपोटी येतं, त्यात गैर नाही. पण ते गिळा. आणि तरुण मित्रांनो, गावात कबड्डीचे संघ आळीवार करता ना? आपल्या आळ्या कशा वसल्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा एकदा चिठ्ठ्या टाकून संघ करून बघा. चुरस कमी होणार नाही, उलट वाढेल. सामना संपल्यावर चहा मात्र एकाच टपरीवर होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पटलं नसेल तर जरूर खोडून काढा, आम्ही रागावणार नाही.