खाट पाळीची, खर्च वाटणीचा

दुबईत एकेकाळी रुपया चालायचा! कुवेत, बहरीन, कतार, दुबई, सगळीकडे. सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारतीय नोटांचा वापर वाढला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. त्यांना ‘गल्फ रुपी’ म्हणत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. दुबईत मात्र १९६६ पर्यंत रुपयाच होता. आज कुवेती दिनार जगातलं सर्वांत महाग चलन आहे.

तिकडच्या या कमाईसाठी महाडच्या कोकणी मुस्लिम मोहल्ल्यांतून आणि आता इतरही घरांतून मुलं कुवेत, सौदी, दुबईला जातात. दोन-चार वर्षं काढायची, घर बांधायचं, परत यायचं. पगार तिकडचा मोठा, पण राहणंही तिकडचंच महाग. मग पैसा मागे कसा पडतो? हा हिशेब इथल्या माणसांनी आखाताच्या कितीतरी आधी मुंबईत पक्का केला होता.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी ८४ जणांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. त्यांत कोकणातले गिरणी कामगार मोठ्या संख्येने. महाड-पोलादपूर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात; जिल्ह्याचं ‘रायगड’ हे नाव १९८१ चं. मुंबईत उतरलेला माणूस भाड्याने घर शोधत बसत नसे, तो गावकीच्या खोलीवर जाई. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात एका गावाची दहा-पंधरा माणसं. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा आपली वळकटी पसरणार. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. भाडं दरडोई वाटून. ज्याची नोकरी सुटली त्याला बाकीचे सांभाळून घेत, कारण उद्या ती वेळ आपलीही. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. कुठल्याही घरमालकाच्या करारात असं कलम सापडायचं नाही.

गोव्याच्या खलाशांनी हेच केलं. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांचे गावोगावचे ‘कूड’ आहेत. बोटीवरून उतरायचं, दुसरी बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात राहायचं.

आणि जेवण? खानावळ. गिरणगावात घरोघरी बायका या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. शहर स्वस्तात निभावलं ते या बायकांच्या चुलीवर, आणि त्या स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. गोवा मुक्तिसंग्रामातल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाचं दार उघडून दिलं.

वाचलेला पैसा गावी जाई तो मनिऑर्डरने. टपाल खात्याची ही सोय १८८० पासूनची. गावात शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईशिवाय हा हिशेब जुळलाच नसता. पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा. तिथे २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले, ते वेगळं सांगायला नको.

परदेशातल्या काटकसरीचं सर्वांत थोर उदाहरण महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्यावर आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. न्याहारीला पावाचा तुकडा. रात्री भूक लागली की मुंबईहून आलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं.

आजही निघणाऱ्याच्या बॅगेत कुळथाचं पीठ, सुकट, घरचा मसाला असतोच. दुबईत गावकीच्या खोलीची जागा ‘बेडस्पेस’ने घेतली आहे: खोलीतली एक खाट भाड्याने. वर चौघांची मेस. म्हणून जुनी माणसं ‘पगार किती?’ याच्याआधी ‘राहणं-जेवण कुणाचं?’ हे विचारतात, आणि बरोबरच विचारतात. कंपनीने राहायला दिलं तर लहान पगारही भरभरून उरतो. नाही दिलं तर मोठा पगार भाड्यात जातो.

करारातली आणखी एक ओळ नीट वाचावी: मूळ पगार. अमिरातींत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. भत्ते त्यात धरत नाहीत, तेव्हा एकूण आकडा तोच असला तरी मूळ पगार जास्त असलेला करार चांगला.

जायच्या खर्चाचंही बघा. सरकारमान्य भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. दहावी न झालेल्यांना आखातात नोकरीसाठी एमिग्रेशनची मंजुरी घ्यावी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचं दहा लाखांचं विमाकवच येतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर. पॉलिसीची एक प्रत घरी आईकडे किंवा बायकोकडे ठेवून मगच विमानतळ गाठा.