'संपले' कसे म्हणावे?



इंग्रजीच्या तासाला तुम्ही 'फिनिश' हे क्रियापद शिकला आहात. जेवण संपले तरी फिनिश, काम झाले तरी फिनिश, शर्यत पुरी झाली तरी फिनिश. उर्दूतही 'खत्म होना' आणि 'खत्म करना' यांवर आपले बरेच काम भागते. मराठीत मात्र काय संपले, कसे संपले आणि कोणी संपवले हे पाहून शब्द निवडावा लागतो. शब्द चुकला तर काय होते, ते एका प्रसंगावरून सांगतो.

नववीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज लिहिला, "माझे दादा काल खलास झाले. तरी दोन दिवसांची रजा मिळावी." अर्ज वाचून कार्यालयातील एक गृहस्थ हसले. मुलगा रडवेला झाला. त्याचे दुःख खरे होते, शब्द मात्र चुकले होते. मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. वडिलांचे वडील ते 'आजोबा'. 'खलास' हा शब्द तेल, साबण, पैसे यांच्यासाठी बोलण्यात येतो. माणसासाठी तो वापरला तर थट्टा केल्यासारखे वाटते, किंवा त्याला कोणी ठार केले असा अर्थ होतो. माणसाविषयी आदराने 'वारले' किंवा 'त्यांचे निधन झाले' असे म्हणतात. मुसलमान व्यक्तीविषयी 'पैगंबरवासी झाले' असेही लिहितात. आम्ही दोघांनी तो अर्ज पुन्हा लिहिला, "माझे आजोबा काल वारले." मग कोणी हसले नाही.

आता घरातल्या साध्या शब्दांपासून सुरुवात करू. वस्तू वापरून उरली नाही की 'संपणे' हे क्रियापद येते. गूळ संपला, साखर संपली, तेल संपले. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंगही आहे. म्हणून 'तेल संपला' असे लिहू नका. आपोआप झाले तर 'संपणे', कोणी केले तर 'संपवणे'. दूध संपले, मांजराने दूध संपवले.

पण विहिरीचे पाणी आटते, दिवा विझतो, भांडण मिटते, कर्ज फिटते आणि दिवस सरतो. आपल्या जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, जामखेड या भागांत उन्हाळ्यात विहिरी आटतात. 'विहीर संपली' असे तेथे कोणी म्हणणार नाही. साखर कारखान्याचे उसाचे गाळप थांबले की वर्तमानपत्रात 'गळीत हंगामाची सांगता' अशी बातमी येते. ठरलेला कार्यक्रम नीट पार पडला की त्याची 'सांगता' होते. 'अभ्यास उरकला' आणि 'अभ्यास पूर्ण केला' यांतही फरक आहे. उरकण्यात घाई असते, पूर्ण करण्यात काही राहिलेले नसते.

काही शेवट तर उलट शब्दाने सांगतात. नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढवला' म्हणतात. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतात. अशुभ शब्द तोंडी येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तुम्हाला याचे नवल वाटू नये. तुमच्या घरी मोठी माणसे 'दुकान बढाना', 'दस्तरख्वान बढाना' म्हणतात, तेही याच कारणाने.

तुम्ही उर्दू शिकता, म्हणून तुमची एक सोय आहे आणि एक अडचणही. मलिक अहमदने १४९० साली निजामशाही स्थापन केली. त्याच्याच नावावरून आपल्या शहराला अहमदनगर हे नाव पडले. २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले आहे. निजामशाही १६३६ साली संपुष्टात आली. राज्य गेले, पण अशा राज्यांच्या दफ्तरांतून आलेले फारसी-अरबी शब्द मराठीत राहिले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. पुढे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. रद्द, बरखास्त, बडतर्फ, बेबाक हे शब्द आजही मराठीत चालतात. ते ओळखीचे वाटतात, ही सोय. त्यांचा अर्थ नेहमी उर्दूसारखाच असेल असे नाही, ही अडचण. उर्दूत 'खलास' म्हणजे सुटका. मराठीत तो शब्द कुठे पोहोचला ते तुम्ही वर पाहिलेच. उर्दूत सभाही बरखास्त होते आणि नोकरही. मराठीत सभा किंवा समिती बरखास्त होते. नोकराला बडतर्फ करतात. हा 'बडतर्फ' म्हणजे तुमचा 'बरतरफ'.

हे फरक केवळ परीक्षेपुरते नाहीत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मराठीत पत्र आले की ते तुम्हीच वाचून दाखवता. अशा पत्रात 'निलंबित' असा शब्द असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ 'मुअत्तल'. चौकशी व्हायची आहे, नोकरी अजून गेलेली नाही. 'बडतर्फ' असेल तर नोकरी गेली. 'सेवानिवृत्त' म्हणजे वयानुसार सन्मानाने मोकळे झाले. सभा 'तहकूब' झाली तर ती पुन्हा भरेल, म्हणजे ती मुलतवी आहे.

सोसायटीचे कर्ज फिटले की 'बेबाकी दाखला' मिळतो. उर्दूत 'बेबाक' दोन प्रकारे लिहितात. काफने लिहिला तर निर्भीड, आणि बडा काफने लिहिला तर ज्याच्याकडे काही बाकी नाही असा. मराठीत दोन्हींसाठी एकच 'क' आहे, पण दाखल्यावरचा शब्द दुसरा. तो कागद जपून ठेवायला वडिलांना सांगा. सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा कमी करताना तो लागतो.

शेवटी आपल्या शाळेचेच उदाहरण घ्या. घंटा झाली की 'शाळा सुटली'. दहावी पास झालात की 'शाळा संपली'. मुलेच आली नाहीत तर 'शाळा बंद पडली'. आणि घरच्या अडचणीमुळे एखाद्याचे शिक्षण मध्येच थांबले तर 'त्याची शाळा सुटली' असे म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात क्रियापद एकच आहे. फरक फक्त 'त्याची' या शब्दाचा आहे, आणि तो फार मोठा फरक आहे. शाळा रोज संध्याकाळी सुटावी. तुमच्यापैकी कोणाचीही शाळा सुटू नये.