पावतीसारखीच संगणकातली माहितीही जपा



गेल्या वर्षी एक सभासद गट कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, माझ्या रानाचा २००८ सालचा माती परीक्षणाचा अहवाल द्या. कर्ब वाढला का घटला, बघायचंय." तो अहवाल मीच सीडीवर ठेवला होता. सीडी सापडली, पण नव्या संगणकात ती घालायला जागाच नाही! दुसरीकडून यंत्र आणले, तर सीडी वाचेना. त्याच कपाटात को ७४० च्या काळातली लागण नोंदवही होती. पाने पिवळी पडलेली, पण अक्षर न् अक्षर लागत होते. त्या सभासदांना काय सांगावे, मला सुचेना.

अशी अडचण मोठमोठ्यांनाही आली आहे. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली जमीन, नांगर, कुळे यांची नोंद मेंढीच्या कातड्यावर करून घेतली. तिला डोम्सडे बुक म्हणतात. आपल्या सातबाऱ्याचा थोरला भाऊच म्हणा. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी नोंद केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांवर लोकांनी हातभार लावला. सगळी माहिती लेझर तबकड्यांवर भरली. पुढे त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच मिळेनात. २००२ च्या सुमारास संशोधकांनी खटपट करून मार्ग काढला. गावोगावची माहिती २०११ साली इंटरनेटवर आली. कातड्यावरची नोंद मात्र आजही डोळ्यांनी वाचता येते.

तात्पर्य काय? एक तर वस्तू बिघडते, नाहीतर ती वाचणारे यंत्र जाते. दर तीन वर्षांनी बेणे बदला, असे मी सांगत असतो. माहितीचेही तसेच आहे. ती वेळोवेळी नव्या जागी उतरवावी लागते. म्हणून एवढे करा :

१) लागण नोंद, वजनाच्या पावत्या, ऊस बिल, माती परीक्षण यांच्या तीन प्रती ठेवा. एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक कागदावर. त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या.

२) पेनड्राइव्ह पेटीत टाकून विसरू नका. दर दसऱ्याला उघडून पाहा.

३) यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने पुसट होते. तिची लगेच झेरॉक्स काढा.

४) फोटोला गट नंबर व साल यांचे नाव द्या. नाहीतर हजार फोटोंत तो सापडायचा नाही.

आमच्या गट कार्यालयातही यंदापासून माती परीक्षणाचा प्रत्येक अहवाल वहीत उतरवून ठेवत आहोत. आपणही आपला कागद आपल्या घरी जपावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी