पहिला सराव आभासी रुग्णावर

रुग्णालयात सलाइनची सुई टोचायला तरुण शिकाऊ डॉक्टर आला, की मनात शंका डोकावतेच : ‘हा आपल्यावरच तर शिकत नसेल ना?’ ही शंका गैर नाही. वैद्यकातील हातांचे कौशल्य पिढ्यान्पिढ्या रुग्णशय्येपाशीच घडत आले. आता त्याला आभासी वास्तवाची, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीची, जोड मिळत आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांसह झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाने संगणकाच्या पडद्यावर आभासी सराव केला होता. पुढे दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढताना, असा सराव न केलेल्यांच्या हातून सुमारे सहापट चुका झाल्या.

मात्र वार्धक्याने पातळ झालेली त्वचा, निसटणारी शीर आणि रुग्णाची भीती यंत्राला पुरती शिकवता येत नाही. तेथे अनुभवी डॉक्टरांची देखरेखच हवी. म्हणून वाचकहो, निःसंकोच विचारा : ‘हे कोण करणार? सोबत वरिष्ठ डॉक्टर असतील ना?’ कोणत्या हाताची शीर चटकन सापडते, रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हेही आपणहून सांगा. समाधान झाले, की हात विश्वासाने पुढे करा.