सभागृहाचा होकार : संमिश्र सरकार कसे मान्य होते

सरकार जनता निवडते, असे आपण सहज बोलून जातो. हे म्हणणे खरे असले तरी त्यात एक पायरी गाळलेली असते. जनता निवडते ते सभासद. सरकार राहावे की जावे, हे ते सभासद सभागृहात ठरवितात. एखाद्या पक्षाला भरघोस बहुमत मिळाले म्हणजे ही मधली पायरी डोळ्यांआड होते. परंतु कौल विभागला गेला, कोणाही एका पक्षाजवळ निम्म्याहून अधिक जागा नसल्या, की तीच पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते. त्या पायरीची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या दादरा व नगर हवेलीत विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्याशी आपला प्रदेश जोडला गेला, तरी त्यामुळेही विधानसभा आलेली नाही. म्हणून सभागृहाने सरकारवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे पाहण्यास आपणांस शेजारी जावे लागते. त्यांतही गोव्याशी आपला संबंध विशेष निकटचा. दोन्ही मुलुख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. लिस्बनहून नेमलेल्या गव्हर्नरास, ‘आपणांवर येथील लोकांचा विश्वास आहे काय?’ असे विचारण्याची सोय त्या राजवटीत नव्हती. मुक्तीनंतर मात्र आपल्याकडे वरिष्ठ पंचायत बसली, आणि १२ जून १९६१ रोजी तिने भारतात विलीन होण्याचा ठराव संमत केला. भवितव्याचा निर्णय ठरावाने करण्याची रीत आपल्या भूमीस तेव्हापासून ठाऊक आहे.

आता गोव्याकडे वळू. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथील विधानसभेसाठी मतदान झाले आणि ११ मार्च रोजी मतमोजणी झाली. एकूण जागा ४०. म्हणजे बहुमतासाठी २१ सभासद हवेत. काँग्रेसला १७ जागा मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला १३. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि गोवा फॉरवर्ड यांना प्रत्येकी ३, राष्ट्रवादी काँग्रेसला १, आणि ३ अपक्ष. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होता खरा. पण बहुमत कोणापाशीच नव्हते.

अशा वेळी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, सर्वांत मोठ्या पक्षाला प्रथम पाचारण करावे. दुसरे म्हणते, ज्याच्यामागे निम्म्याहून अधिक सभासद उभे आहेत असे दिसते, त्याला पाचारण करावे. राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी दुसरी वाट धरली. भाजपचे १३ आणि पाठिंबा देणारे मगो, गोवा फॉरवर्ड व अपक्ष मिळून २१ सभासद होत होते. संरक्षणमंत्रिपद सोडून आलेल्या मनोहर पर्रीकर यांनी १४ मार्च रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. काँग्रेसने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने शपथविधी थांबविला नाही. परंतु राज्यपालांनी दिलेली पंधरा दिवसांची मुदतही ठेवली नाही. १६ मार्च रोजीच सभागृहात बहुमत सिद्ध करावे, असा आदेश दिला.

या आदेशामागे एक तत्त्व आहे. संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, असे म्हटले आहे. केंद्रातील मंत्रिमंडळ लोकसभेला तसेच जबाबदार असते. ते ७५ व्या अनुच्छेदात आहे. ‘सामुदायिकरीत्या’ हा शब्द संमिश्र सरकारात विशेष बोलका होतो. मंत्री चार पक्षांचे असोत, सभागृहापुढे ते एकच असतात. एकाचा निर्णय हा सर्वांचा निर्णय. आणि बहुमत कोठे मोजावयाचे? १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर निःसंदिग्ध दिले : सभागृहात. राजभवनात किती पत्रे पोहोचली, किती सभासद एका ठिकाणी मुक्कामास आहेत, यावरून अंदाज बांधता येतो. निर्णय होत नाही. सभासदाने सर्वांसमक्ष आपले मत द्यावे, तेव्हाच ते मत ठरते.

१६ मार्च २०१७ रोजी पर्रीकरांच्या बाजूने २२ मते पडली, विरोधात १६. बेरीज ३८ होते. मग उरलेले दोघे कोठे गेले? त्यांतील एक सिद्धार्थ कुंकळ्येकर. ते भाजपचे सभासद. परंतु हंगामी सभापती म्हणून आसनावर होते, आणि आसनावर बसलेला सभासद मते समसमान पडल्याशिवाय मत देत नाही. दुसरे काँग्रेसचे विश्वजित राणे. मतदानापूर्वी ते सभागृहातून निघून गेले आणि त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. म्हणून काँग्रेसची १७ मते १६ झाली. सरकारच्या २२ मध्ये भाजपचे १२, मगोचे ३, गोवा फॉरवर्डचे ३, अपक्ष ३ आणि राष्ट्रवादीचा १. बेरीज करून पाहा. ती अचूक जुळते.

बेरीज जुळली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नाही. मगो पक्षाने निवडणुकीच्या तोंडावर भाजपशी फारकत घेतली होती. गोवा फॉरवर्डने तर भाजपवर टीका करीतच मते मागितली होती. ‘आम्ही ज्यांच्या विरुद्ध मत दिले, त्यांनाच आमचे मत कसे पोहोचले?’ असे एखाद्या मतदाराने विचारले, तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. उलट पक्षी, कोणीच कोणाशी हातमिळवणी केली नसती तर चाळिसांच्या त्या सभेत एकही सरकार उभे राहिले नसते आणि लोकांना पुन्हा मतदानास जावे लागले असते, हेही तितकेच खरे. संमिश्र सरकार हा तडजोडीचा संसार आहे. तडजोड कशासाठी झाली, एखाद्या कार्यक्रमासाठी की केवळ खात्यांच्या वाटणीसाठी, हे मात्र मतांच्या आकड्यांतून समजत नाही. ते समजावे म्हणून सभागृहात चर्चा असते.

या चर्चेचे महत्त्व आपण अनेकदा विसरतो. निकाल ठरलेलाच असेल तर बोलावयाचे कशाला, असे वाटते. मे १९९६ मध्ये लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारपाशी बहुमत नाही, हे उघड होते. तरीही दोन दिवस चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी आपली भूमिका देशापुढे मांडली, आणि २८ मे रोजी मतदानापूर्वीच वाजपेयींनी राजीनामा दिला. त्यानंतर अनेक पक्षांच्या संयुक्त आघाडीचे सरकार आले. चर्चेने बेरीज बदलली नाही. पण कोण कोणत्या कारणासाठी कोणाबरोबर आहे, याची नोंद कायमची झाली. पुढच्या निवडणुकीत मतदाराला हाच पुरावा उपयोगी पडतो.

कधी एकेका मताला केवढे मोल येते, तेही पाहा. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींच्याच दुसऱ्या सरकारने लोकसभेचा विश्वास मागितला. बाजूने २६९ मते, विरोधात २७०. एका मताने देशाचे सरकार गेले. आपल्या दादरा व नगर हवेलीतून लोकसभेत एकच सभासद जातो. पाचशेहून अधिक सभासदांच्या सभेत एक म्हणजे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

महाराष्ट्राचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकविते. २०१९ च्या निवडणुकीत २८८ जागांपैकी भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ व काँग्रेसला ४४ मिळाल्या. युती मोडली, राष्ट्रपती राजवट आली आणि गेली, २३ नोव्हेंबरच्या पहाटेनंतर देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. न्यायालयाने उघड मतदानाने बहुमत सिद्ध करण्यास सांगताच २६ नोव्हेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. मग तीन पक्षांची महाविकास आघाडी होऊन उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ३० नोव्हेंबर रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली, चौघे तटस्थ राहिले आणि विरोधात एकही मत पडले नाही. याचा अर्थ विरोधक नव्हते असा नव्हे. भाजपच्या सभासदांनी सभात्याग केला होता. निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. सभात्यागाने निषेध प्रकट होतो. पण तो विरोधी मत म्हणून मोजला जात नाही.

सभागृहाचा होकार पाच वर्षांसाठी कायम असतो, असेही कोणी समजू नये. गोव्यात १७ मार्च २०१९ रोजी पर्रीकरांचे निधन झाले. मुख्यमंत्री बदलला, म्हणून विश्वासाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २० मार्च रोजी प्रमोद सावंत यांनी २० विरुद्ध १५ मतांनी बहुमत सिद्ध केले. त्याच महिन्यात मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपत गेले. जुलैमध्ये काँग्रेसचे दहा सभासदही तिकडे गेले आणि गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांना वगळण्यात आले. २०१७ साली ज्या पक्षांच्या बेरजेने सरकार उभे राहिले, ती बेरीज अडीच वर्षांच्या आतच पार बदलली. आणि हा बदल मतदाराला विचारून झाला नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. तथापि एखाद्या पक्षाचे दोनतृतीयांश सभासद एकत्र दुसऱ्या पक्षात विलीन झाले, तर त्यांस त्यातून सूट मिळते. कायद्याची मर्यादा जेथे संपते, तेथे मतदाराची स्मरणशक्ती सुरू व्हावयास हवी.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, विश्वासदर्शक ठरावाची बातमी पुढे वाचनात आली की जय-पराजयाचा मथळा वाचून वर्तमानपत्र खाली ठेवू नका. वहीत चार आकडे लिहा : एकूण जागा, बाजूची मते, विरोधी मते आणि उरलेले सभासद. जे उरले त्यांची नावे शोधा. ते आसनावर होते, तटस्थ होते, बाहेर गेले होते की आलेच नव्हते, ते पाहा. मग बाजूच्या मतांत कोणकोणते पक्ष आहेत आणि निवडणुकीत ते एकमेकांविषयी काय बोलले होते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. चाळिसांतून अडतीस वजा केल्यावर जे दोन उरतात, त्यांची कथा पुष्कळदा अडतिसांइतकीच बोधप्रद असते.