उतारावरचे पेट्रोल

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या एका लग्नाला पुण्याहून एक पाहुणे मोठी मोटार घेऊन आले होते. अक्षता पडल्या, जेवणे झाली आणि पाहुणे निघाले. मांडवाबाहेर चार-पाच ड्रायव्हर मंडळी पान खात उभी होती. त्यांत आमचे आण्णाही होते. आण्णा गेली बावीस वर्षे कवठे महांकाळ ते मिरज वडाप करतात. पाहुण्यांची मोटार जागेवरून हलली, फाट्याकडे वळली, पण इंजिनाचा आवाज म्हणून आला नाही. आण्णा चकित झाले. "सेल्फ मारल्याला ऐकू आला न्हाई, मग गाडी गेली कशी?" असे म्हणून ते माझ्याकडे वळले. "कालिजात जातोस न्हवं? सांग की."

मला सांगता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे जगातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मला आले पाहिजे, अशी घरच्यांची समजूत आहे. माझा विषय इतिहास. तरीही तो प्रश्न मी सोडला नाही. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते माझ्या कुवतीप्रमाणे येथे मांडत आहे.

ती मोटार टोयोटा कंपनीची 'कॅमरी' होती. हे नाव जपानी भाषेतील मुकुट या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. या मोटारीची नववी पिढी नोव्हेंबर २०२३ मध्ये जगापुढे आली आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी भारतात विक्रीस निघाली. तेव्हाची किंमत होती ४८ लाख रुपये! नव्या रूपात तिचा चेहरामोहरा बदलला. पण महत्त्वाचा बदल पोटात आहे. २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून ताकद २१८ वरून २३० अश्वशक्तीवर गेली, जुन्या निकेलच्या बॅटरीच्या जागी लिथियमची बॅटरी आली. लिटरला २५.४९ किलोमीटर हा तिचा प्रमाणित आकडा आहे. एवढ्या मोठ्या पेट्रोल मोटारीच्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे.

अशा मोटारीला 'हायब्रीड' म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नाही. १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण आले, तेव्हापासून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी 'हायब्रीड' आहे. तेथे दोन वाणांचा संकर, येथे दोन यंत्रांचा.

दोन यंत्रे कशासाठी? पेट्रोलचे इंजिन ठराविक वेगाने आणि बऱ्यापैकी ओझ्याखाली चालले, तरच ते काटकसरीने चालते. बाजारपेठेच्या गर्दीत रांगताना किंवा सिग्नलला उभे असताना ते नुसतेच पेट्रोल पिते. विजेच्या मोटरचे तसे नाही. ती पहिल्या फेरीपासून पूर्ण जोर देते आणि थांबली की काहीच खात नाही. म्हणून जागेवरून हलायचे आणि हळू चालायचे काम बहुधा मोटर करते. वेग वाढला, चढ लागला की इंजिन आपोआप सुरू होते. मांडवाबाहेर आण्णांना सेल्फ ऐकू आला नाही तो यामुळे.

आता खरा प्रश्न असा की, बॅटरीत वीज येते कोठून? या कॅमरीला घरच्या प्लगमधून वीज भरण्याची सोयच नाही. हे समजण्यासाठी आधी ब्रेकचा विचार करू. सोळाशे किलोची मोटार ताशी साठ किलोमीटरने पळत असेल, तर तिला त्या वेगाला आणण्यात वीस-पंचवीस मिलिलीटर पेट्रोल जळालेले असते. म्हणजे सुमारे चार-पाच छोटे चमचे. ब्रेक दाबला की त्या चमच्यांची कमाई ब्रेकच्या चकत्यांवर घासून उष्णता होऊन हवेत जाते. पुन्हा निघायचे तर पुन्हा चमचे ओता. दिवसातून शंभर वेळा थांबणाऱ्या गाडीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हायब्रीड मोटारीत ब्रेक दाबला की चाके विजेच्या मोटरला फिरवू लागतात आणि तीच मोटर जनित्र बनून वीज तयार करते. एकच यंत्र दोन्ही कामे कसे करील, असे वाटेल. पण अकोले तालुक्यातील घाटघरला २५० मेगावॅटचा असाच एक मोठा प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा तेथील यंत्रे खालचे पाणी वरच्या तलावात चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून तीच यंत्रे वीज करतात. म्हैसाळ योजनेचे पाणी चढताना पाहणाऱ्या आपल्या तालुक्याला हे उमजायला जड जाऊ नये. मोटारीतली बॅटरी म्हणजे आपले शेततळे समजा. आवर्तन आले की भरून घ्यायचे आणि लागेल तेव्हा उपसायचे. मात्र हे तळे लहान आहे. लांबलचक घाट उतरताना ते लवकर भरते आणि पुढची वीज साठवायला जागा उरत नाही.

हे सगळे मी आण्णांना सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे शेवटी पेट्रोलच की. फुकाट काय न्हाई त्यात." दहावी नापास झालेल्या माणसाने वर्मावर बोट ठेवले! ही मोटार नवी ऊर्जा निर्माण करीत नाही. वाया जाणारी थोडी परत मिळवते. म्हणूनच वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरात तिचा फायदा जास्त आणि मोकळ्या महामार्गावर कमी.

आण्णांना ही गोष्ट इतकी लवकर का पटली, याला कारण आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे, ही त्यांची जुनी सवय. उतारावरचे पेट्रोल-डिझेल वाचवायचे, हे त्यांनाही कॅमरी बनवणाऱ्यांइतकेच कळत होते. साधन तेवढे नव्हते. दोन वर्षांपूर्वी गणपतीपुळ्याचे भाडे घेऊन जाताना आंबा घाटात असेच इंजिन बंद केले. मी शेजारी बसलो होतो. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक झाला, स्टिअरिंग जड झाले. आण्णांनी चटकन गाडी गिअरमध्ये घालून इंजिन सुरू केले आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावली. मागे बारा माणसे होती. त्या दिवशी आण्णा कोणाशी बोलले नाहीत.

आता मला कारण कळले आहे. ब्रेकला पायाची ताकद वाढवून देणारी यंत्रणा इंजिनच्या जोरावर चालते. इंजिन बंद झाले की ती दोन-तीन दाबांत संपते. शिवाय गाडी गिअरमध्ये ठेवून उतरली, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंदच असते. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचत मुळात नाहीच! ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहेत, त्यांनी एवढे तरी घरी जाऊन सांगावे, अशी माझी विनंती आहे.

शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी एक गोष्ट. भारतात ही मोटार बंगळूरजवळच्या बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीत जोडली जाते. ही कंपनी १९९७ साली निघाली. त्याच वर्षी जपानमध्ये 'प्रियस' ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली हायब्रीड मोटार आली. कंपनीच्या नावातले किर्लोस्कर म्हणजे आपल्याच सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे घराणे. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकऱ्यांना वाटे. पुढे तोच नांगर गावोगाव गेला.

नांगर गावोगाव गेला, कारण तो शेतकऱ्याला परवडला. ४८ लाखांची मोटार तशी जाणार नाही. पण तिच्यातली विद्या २०२२ मध्येच इनोव्हा हायक्रॉससारख्या सात-आठ माणसांच्या गाडीत आली आहे. तीही आज आम्हाला झेपणारी नाही. ज्या गाड्या दिवसभर थांबत-थांबत चालतात, त्या वडापच्या आणि एस.टी.च्या, उतारावरच्या बचतीची खरी गरज त्यांना आहे. ही विद्या तेथवर येईल, तेव्हाच तिला नांगराचे मोल येईल.

आण्णा आता घाटात गाडी गिअरमध्ये ठेवतात. मी विचारले तर म्हणाले, "कालिजाची फी वसूल झाली म्हणायची."